मोठीची चाल

आमच्या बुटांच्या दुकानात मालकांचा एक नियम आहे: नवा माल आला की तो आधी आम्ही पायात घालायचा. गिऱ्हाईक कपाटाकडे बघण्याआधी तुमच्या पायांकडे बघतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे माझी अर्धी नोकरी उंच टाचांवर गेली. कमरेत बाक, पोट पुढे, आणि चालताना ठकठक अशी की आई म्हणायची, "धाकटे, तू जिना चढायला लागलीस की शेजारपाजारचेही जागे होतात." मोतीबिंदूमुळे आईला उजेड-अंधारापलीकडे फारसं दिसत नसे. माणसं ती पावलांवरून ओळखायची, आणि त्यात कधी चुकायची नाही.

मग ते सपाट तळाचे बूट आले. टाच नाही, गादी नाही, बोटं पसरायला ऐसपैस जागा, आणि तळ इतका पातळ की पायाखाली खडा आला तरी कळावा. "अगदी अनवाणी चालल्यासारखं वाटतं," असं आम्ही सांगायचं होतं. "मग अनवाणीच चाललं तर?" असं एका आजोबांनी विचारलं. मालक शिंकल्यासारखं करून आत निघून गेले.

पहिले काही दिवस पोटऱ्यांनी जीव नकोसा केला. मग हळूहळू कंबर सरळ झाली, खांदे मागे गेले. पाऊल लांब टाकलं की टाच फरशीवर आपटून थेट मस्तकात कळ जायची, म्हणून पावलं आपोआप आखूड झाली, हलकी पडू लागली. पाठदुखी पळाली. मी खुशीत होते.

एका संध्याकाळी मी जिना चढून आले, बूट दाराशी काढले आणि आत गेले. आई हातांनी चाचपत भाजी निवडत बसली होती. तिने मान वर केली. "मोठे, आलीस का गं?"

मोठी म्हणजे माझी ताई. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती. आईशी कडाक्याचं भांडून ती घराबाहेर पडली आणि कोपऱ्यावर ट्रकखाली आली. आईला हे पुरतं ठाऊक होतं. पडदा तिच्या डोळ्यांवर आला होता, डोक्यावर नाही.

मी "हो" म्हणाले. दुकानात गिऱ्हाईक काहीही बोलो, आधी "हो" म्हणायचं ही आमची शिकवण, ते तोंडातून निघूनच गेलं. आईचा चेहरा असा उजळला की शब्द परत घ्यायचा मला धीर झाला नाही.

स्वयंपाकघरात जाऊन मी माझीच पावलं ऐकली आणि अंगावर काटा आला. आधी चवडा, मग टाच, आणि डावं पाऊल किंचित आत. हुबेहूब ताई. बूट दाराबाहेर होते, पण चाल पायातच राहिली होती. दुसऱ्या दिवशी मुद्दाम जुने उंच टाचांचे बूट चढवले, तर जिन्यावरून पडता पडता वाचले.

पाठीसाठी जिच्याकडे जायचे ती फिजिओथेरपिस्ट हे ऐकून हसली. "अहो, भूतबीत काही नाही. टाचा गेल्या, अंगाचा तोल जागेवर आला. बहिणी-बहिणींची हाडं सारखी असतात. ही तुमची मूळची चाल."

तिचं खरं असेल. पण मूळची असती तर लहानपणी दिसली नसती का? तेव्हाही आई म्हणायची, मोठी येते ते कळत नाही आणि धाकटी पोतं टाकल्यासारखी येते.

त्यानंतर रोज संध्याकाळी आई मोठीशी बोलू लागली. मी मुकाट ऐकायचे. माझीही चौकशी व्हायची: "धाकटी यायचीय अजून? तिरसट आहे जरा, सांभाळून घे तिला." ऐकून रागही यायचा आणि रडूही. एकदा ती म्हणाली, "तुला एक सांगायचंय. पण तोंड बघून सांगेन." आणि मी इतक्या नाकदुऱ्या काढूनही मोतीबिंदूचं जे ऑपरेशन तिने वर्षानुवर्षं टाळलं, त्याला ती आपण होऊन तयार झाली.

पट्टी निघेल तेव्हा समोर मी असणार होते, नुसती मी. आपल्या आईने आपल्याला बघावं आणि तिचा चेहरा पडावा, याहून वाईट काय असतं?

पट्टी निघाली. आईने डोळे किलकिले केले, मला निरखलं, गालावरून हात फिरवला. "धाकटे, किती वाळलीस गं."

"आई, ती मीच होते," मी म्हणाले. "रोज मीच यायचे."

"मला काय कळत नाही? आवाज तुझाच होता." तिने माझ्या पावलांकडे पाहिलं. "पण चाल तुझी नव्हती. आता पाठ फिरव. त्या दारापर्यंत चालत जा."

मी चालले. वॉर्डातल्या गुळगुळीत फरशीवर पावलं वाजत नव्हती. डावं पाऊल आत पडत होतं, आणि ते थांबवणं माझ्या हातात नव्हतं.

"मोठे," मागून आई म्हणाली. "त्या दिवशी तू परत आली होतीस. दार वाजवत होतीस. मला ऐकू येत होतं गं. मी रागाने उघडलं नाही."

ताई परत आली होती, हे मला कोणीच कधी सांगितलं नव्हतं. वळावं, आईला जवळ घ्यावं असं फार वाटलं. पण वळले असते तर तिला माझा चेहरा दिसला असता, आणि तिचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

"मोठे, रागावलीस का?"

बोलले असते तर आवाज धाकटीचा निघाला असता. मी पाठमोरीच उभी राहिले आणि नुसती मान हलवून नाही म्हटलं.