दत्तक कोणी कोणाला

प्रत्येक शाखेने समाजासाठी काहीतरी करावे, असा मुख्य कचेरीचा हुकूम आला आणि शाखाधिकाऱ्यांनी रस्त्यापलीकडचा वृद्धाश्रम दत्तक घेऊन टाकला. तो जवळ होता, एवढाच काय तो विचार. खोलीखोलीत बँकेचे चिन्ह असलेले घड्याळ लागले, दारावर 'आम्ही दत्तक घेतला आहे' असा भला मोठा फलक चढला, फोटो निघाला.

"आमच्याकडे वेळच वेळ आहे. घड्याळं कशाला?" तिथल्या निवृत्त मास्तरीणबाई म्हणाल्या. शाखाधिकाऱ्यांनी ते हसण्यावारी नेले.

दुसऱ्या दिवशी बाई छत्री टेकत बँकेत हजर.

"दत्तक म्हटलं की नातं आलं. आता या वयात तू आमचा बाप, हे काही शोभत नाही. म्हणून आम्ही सगळ्यांनी ठरवलंय, तू आमचा मुलगा."

"अहो बाई, तो नुसता शब्द असतो."

"शब्द नुसता नसतो. आणि आईला बाई म्हणतात का?"

रोखपालाचा शिक्का हवेतच राहिला. त्या दिवसापासून अख्खी शाखा शाखाधिकाऱ्यांना पाठीमागे 'बाळ' म्हणू लागली. बाई अधूनमधून काचेतून डोकावून "जेवलास का?" विचारत आणि बाळ टेबलाखाली पडलेले पेन शोधत बसे.

मग मुख्य कचेरीतले मोठे साहेब पाहणीला यायचे ठरले. शाखाधिकाऱ्यांची बढती त्यांच्या शब्दावर अडलेली, आणि फोटोनंतर हे गृहस्थ आश्रमाकडे एकदाही फिरकलेले नव्हते.

मोठ्या साहेबांनी आश्रमात शिरताच नेमके बाईंनाच गाठले. "आमचे अधिकारी येतात ना इकडे?"

बाईंनी शाखाधिकाऱ्यांकडे पाहिले. गृहपाठ न केलेल्या मुलाकडे पाहावे, तसे.

"येतो की. रोज येतो," बाई म्हणाल्या.

मोठे साहेब खूश झाले, शाखाधिकाऱ्यांच्या पाठीवर थाप मारून गाडीत बसले. गाडी वळली तसा शाखाधिकाऱ्यांचा जीव भांड्यात पडला.

"आई, तुमचे उपकार..."

"उपकार राहू दे. मी उभ्या जन्मात खोटं बोललेली नाही. तेव्हा उद्यापासून रोज यायचं, म्हणजे बोललेलं खरं होईल. आणि येताना सेल आण. तुझी घड्याळं बंद पडलीत सगळी."

"उद्याच सगळे आणतो."

"सगळे नकोत," बाई म्हणाल्या. "रोज एकच आण."