मऊ भिंत

"खोलीत कुणीतरी आहे," दादा म्हणाला.

आई गेली, म्हणून घर आवरायला घेतलं होतं. तिची खोली नुकतीच रिकामी झाली होती. पलंग, शिलाई मशीन, ते अवाढव्य लाकडी कपाट, सगळं हमालांनी खाली नेऊन टेम्पोत चढवलं होतं. कपाट उचलताना हमालांतला एक हसला होता, "ताई, याला पाठच नाहीये की! फळ्या कुणी काढल्या?" चिमीने तेव्हा लक्ष दिलं नव्हतं. आता उरल्या होत्या चार पिवळट भिंती, खिडकीतून येणारं दुपारचं ऊन आणि दाराशी उभा असलेला तिचा मोठा भाऊ.

दादा जन्मापासून आंधळा. जीभ टाळूला लावून तो 'टॉक' असा आवाज काढायचा आणि परत येणाऱ्या पडसादावरून समोर काय आहे ते ओळखायचा. अंध मुलांच्या शाळेत तो हेच शिकवायचा. चाळिशी ओलांडली तरी चिमी घरात चिमीच राहिली होती. ती स्पीकरच्या कारखान्यात आवाज तपासायची, त्यामुळे भावाच्या विद्येत तिला जादूबिदू काही दिसत नसे. हवेला धक्का बसतो, धक्का पसरत जातो, कशावर तरी आपटून परततो, कानाचा पडदा हलवतो. त्या हलण्याचं चित्र मेंदू करतो. दादाचा मेंदू हे चित्र जरा बारकाईने काढतो, इतकंच.

"कुठे आहे?" तिने विचारलं.

"समोर. कपाट होतं तिथे." टॉक. टॉक. "माझ्याच उंचीचा आहे. भिंतीला टेकून उभा आहे. हमाल राहिलाय का एखादा?"

"समोर नुसती भिंत आहे, दादा."

"मग भिंतीला अंग आहे."

चिमीने मान झटकली. "अरे, रिकाम्या खोलीत असे घोळ होतात. आवाज भिंतीभिंतींतून उड्या मारतो. एक लाट जाणारी, एक येणारी, कुठेतरी दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. तिथे आवाज मेल्यासारखा वाटतो."

"ते मला शिकवू नकोस. मी जागा बदलली की ते ठिकाणही बदलतं." तो खिडकीपाशी गेला, मग दुसऱ्या कोपऱ्यात. दोन्हीकडून त्याची मान त्याच जागी वळली. "हा हलत नाही. भिंत 'टॉक'ला 'टॉक' म्हणते. हा 'टप' म्हणतो. माणसं असं म्हणतात. अंगावर जाड कपडे घातलेली."

आता चिमीला राहवेना. तिने डोळे मिटले आणि टाळी वाजवत भिंतीच्या कडेने चालू लागली. टाळीचा आवाज कडक, कोरडा परत येत होता. आणखी दोन पावलं, तरी कडक. मग एकाएकी तो बुजला. जणू कुणी तिच्या तळव्यांपुढे छाती धरली. तिने डोळे उघडले. पिवळी भिंत. पुन्हा मिटले, टाळी वाजवली. समोर कुणीतरी उभं होतं, अगदी हातभर अंतरावर.

"दादा, आपण खाली जाऊ या का?"

"आई संध्याकाळी या खोलीत बोलत बसायची," दादा हळूच म्हणाला. "तुला आठवतं? दार लावून. मला वाटायचं, मशीनशी भांडतेय. पण भांडणात माणूस थांबत नाही. ती मध्येमध्ये थांबायची. उत्तर ऐकल्यासारखी."

चिमीने हात पुढे केला. भिंतीला बोटं लागली आणि भिंत आत गेली.

ते कापड होतं. काढता-घालता येईल अशा लाकडी चौकटीवर ताणून बसवलेलं, भिंतीच्या रंगाचा पातळ हात दिलेलं. असंच पातळ कापड ती रोज स्पीकरच्या तोंडावर बसवलेलं पाहत होती. डोळ्यांना ते अडवतं, आवाजाला पुरतं अडवत नाही. दादाचा 'टॉक' त्यातून आत जात होता आणि आतलं काहीतरी तो गिळत होतं.

तिने घराच्या किल्लीने कापड वरपासून खालपर्यंत टरकावलं.

आत पूर्वी दार असावं. कुणीतरी ते मागून विटांनी बुजवून टाकलं होतं. उरलेल्या, बिनपाठीच्या कपाटाआड राहिलेल्या कोनाड्यात, हँगरवर, एक गडद रंगाचा लोकरी कोट लटकत होता. त्याखाली पँट, आणि जमिनीवर बुटांचा जोड, टाचा विटांकडे, टोकं खोलीकडे.

"काय आहे?"

घरातल्या एका जुन्या फोटोत हा कोट तिने पाहिला होता. "बाबांचे कपडे," ती म्हणाली.

चिमी आईच्या पोटात होती, तेव्हा बाबा एका सकाळी कामावर म्हणून निघाले ते परतलेच नाहीत. मेले म्हणावं तर प्रेत नाही, गेले म्हणावं तर निरोप नाही. आईने शिवणकाम करून दोघांना वाढवलं. बाबांचा विषय निघाला की तिचं एकच ठरलेलं असायचं, "त्या माणसाची चिंधीसुद्धा या घरात नाही." दादाला बाबांचा आवाज पुसटसा आठवत होता. चिमीला तर तेवढंही नाही. त्या जुन्या फोटोतली सडपातळ आकृती, बस्स.

दादाने कोट हातात घेतला. आधी हुंगला. साबणाचा वास येत होता, शिळा नव्हे, ताजा. बुटांना पॉलिश होतं. मग त्याची बोटं अस्तरावरून, बगलेतून, पोटावरून फिरू लागली. एका जागी ती थबकली.

"चिमे, ही शिवण उसवून पुन्हा घातलीय."

"जुना कोट आहे, उसवला असेल."

"एकदा नाही गं. हात लाव. इथे सुईच्या भोकांची एक ओळ. तिच्या बाहेर दुसरी. तिच्याही बाहेर आणखी. आणि इथे आत दुमडलेलं जादा कापड संपलं, म्हणून पट्टी जोडलीय." त्याने ती पट्टी पुन्हा चाचपली. "तिने कोट सैल करत नेलाय. माणूस वयाबरोबर पोटाशी सुटतो ना? तिने बाबांना सुटू दिलं."

चिमीने भोकांच्या ओळींवरून बोट फिरवलं. फोटोतला सडपातळ माणूस या कोनाड्यात उभ्या-उभ्या प्रौढ झाला होता, म्हातारा होत चालला होता. आणि त्या दोघांना चाहूलही नव्हती.

"पण मापं? मापं कुठून आणली तिने?"

दादाने कोट अंगावर चढवला. खांद्याशी चपखल बसला. बाह्या मनगटावर येऊन थांबल्या. पोटावरची बटणं ताण न पडता लागली.

"दरवर्षी माझ्या अंगाला टेप लावायची," तो म्हणाला. "शर्ट शिवते म्हणायची. शर्ट कधी यायचा, कधी नाही. मी म्हणायचो, म्हातारी विसरते."

त्याने कोनाड्याकडे तोंड केलं. टॉक. विटांनी खणखणीत उत्तर दिलं.

"आता भिंत आहे," तो म्हणाला, आणि आईच्या दहाव्या-बाराव्यालाही जो रडला नव्हता तो दादा कोटाच्या बाहीत तोंड खुपसून रडला.

निघताना त्याने कोट काढला नाही. चिमीनेही काढ म्हटलं नाही. तिने दार ओढून घेईपर्यंत तो जिना उतरून रस्त्याला लागला होता. ती घाईने बाहेर आली, तर पुढे पाठमोरा कोट चालला होता, रुंद, जरासा वाकलेला, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पोचलेला. थांब म्हणून हाक मारायची होती. तोंड उघडलं, पण त्या पाठीला काय म्हणून हाक मारावी ते तिला सुचेना.

कोट थांबला, वळला. टॉक.

"मागे का राहिलीस?" दादाने विचारलं.

"आले," ती म्हणाली, आणि थोडं अंतर ठेवूनच त्याच्याबरोबर चालू लागली.