कूलरची तिसरी पिन

मी एक जुना पत्र्याचा कूलर आहे. मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी आजपर्यंत एकाही माणसाला मारलेलं नाही. आता सकाळचे नऊ वाजले आहेत. नवापर्यंतचं खात्रीनं सांगतो. पुढचं माझ्या हातात नाही. मुळात मला हातच नाहीत.

माझा जन्म नंदुरबारला सलाउद्दीनचाचांच्या दुकानात झाला. चाचा लग्नातल्या पेट्या बनवायचे, धान्याच्या कोठ्या बनवायचे आणि होळीपासून कूलर. त्यांनी माझा पत्रा ठोकला, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या लावल्या, पोटात पाणी उपसणारी मोटर बसवली आणि छातीवर खिळ्यानं ठोकून स्वतःचं नाव काढलं. सगळ्यात शेवटी त्यांनी एक हिरवी तार माझ्या अंगाला स्क्रूनं आवळली. तिचं दुसरं टोक प्लगमधल्या तिसऱ्या, जाड पिनेला. माझ्या अंगात चुकून करंट उतरला, तर त्यानं त्या वाटेनं जमिनीत जावं, माणसात जाऊ नये, म्हणून.

मला न्यायला आले भिकनभाऊ. शहाद्याच्या खाली, तापीकाठच्या गावात त्यांची केळी आणि कापूस. चाचांनी त्यांना हिरवी तार दाखवली.

"भिकनभो, कूलर बिघडना तं माले बलाव. हाई तार तुटनी तं माले नको बलावू, डॉक्टरले बलाव."

भिकनभाऊ हसले. चाचा हसले नाहीत.

घरी आल्यावर कळलं, कपाटामागच्या बोर्डाला भोकं दोनच आहेत. भिकनभाऊंनी थोडा विचार केला आणि पक्कड आणली. तिसरी पिन निघाली. तिच्यासोबत चाचांच्या हिरव्या तारेचं काम संपलं. पण आमचं घर वस्तू टाकणारं नव्हे. मीनाबाईंनी, म्हणजे भाऊंच्या बायकोनं, ती पिन पुसली आणि देव्हाऱ्याखालच्या कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवली.

दरवर्षी होळीची राख थंड झाली की आमच्याकडे घर आवरायला निघतं. माळे रिकामे होतात, गोधड्या नदीवर जातात, मी खाली उतरतो. आणि दरवर्षी ती डबी उघडली जाते.

"हाई काय शे व?" भाऊ विचारतात.

"कूलरनी पिन. ऱ्हाऊ दे, लागी कधी."

आणि पिन पुन्हा डबीत जाते. माझ्या अंगापासून चार हातांवर, बारा वर्षं.

पहिली आठ वर्षं मी सज्जन होतो. भर उन्हाळ्यात पाहुणे माझ्यासमोर बसायचे आणि उठायचं नाव घ्यायचे नाहीत. मग एका उन्हाळ्यात, मी प्लगला असताना, एका उंदरानं माझ्या मोटरची तार कुरतडली. उंदीर तिथेच राहिला, तो मी मोजत नाही. भाऊंनी तारेवर दुधाची पिशवी गुंडाळून दोरा बांधला. तेव्हापासून माझ्या अंगात करंट आहे. त्याला जायला वाट नाही. तो माझ्या पत्र्यात उभा असतो आणि वाट पाहतो.

तुम्हाला वाटेल, घरातले घाबरले असतील. घरातल्यांनी सवय करून घेतली. मीनाबाई माझं बटण लाटण्यानं दाबायच्या. मग त्याच लाटण्यानं पोळ्या. पाहुण्यांना सांगायच्या, "बठा, पन त्याले टेकू नका. चावस तो." जणू मी कुत्रा. शेजारच्या जसोदाबाईंनी तर कमाल केली. चपला घालून यायच्या, एक बोट मला लावायच्या, दचकायच्या आणि म्हणायच्या, गुडघा मोकळा झाला. मित्रांनो, मी डॉक्टर नाही. हे त्यांना सांगता येत नाही, कारण मी कूलर आहे.

गेल्या वैशाखात मांजर पाणी प्यायला माझ्या पायाशी आलं. फरशी ओली होती. मीनाबाई म्हणाल्या, उन्हानं गेलं. त्यांनी ते केळीत पुरलं. भाऊंनी ओली फरशी पाहिली, मला पाहिलं. मग म्हणाले, "जरा भित्तीकडे सरकाव त्याले." भावेशनं, त्यांच्या मुलानं, मला काठीनं वीतभर सरकवलं. झाली दुरुस्ती.

या माघात भावेशचं लग्न झालं. मोहिनी तळोद्याहून आली. तेव्हा मी माळ्यावर होतो. माझ्याबद्दल तिला कुणी काही सांगितलं नाही. लपवायचं नव्हतं. रोजच्या पायरीबद्दल जसं कुणी सांगत नाही, तसंच.

मोहिनीला स्वच्छतेची आवड. फोनवर तिनं पाहिलं होतं की वर्षभरात ज्या वस्तूला हात लागला नाही, ती घरात ठेवू नये, म्हणजे घरही ताजं राहतं आणि मनही. त्या नियमानं पहिला मीच जायला हवा होतो. माळ्यावर चढवणं-उतरवणं सोडलं, तर चार वर्षांत मला लाटण्याशिवाय आणि जसोदाबाईंच्या बोटाशिवाय कुणाचा स्पर्श नव्हता. पण काल सकाळी, होळीनंतरच्या आवरणीत मला माळ्यावरून उतरवलं आणि तिनं उघडली ती डबी.

"मम्मी, हाई काय?"

"कूलरनी पिन. ऱ्हाऊ दे, लागी कधी."

"बारा वरीस लागनी नही, आते काय लागी?"

पिन भंगाराच्या गोणीत गेली. दहा वाजता भंगारवाला आला आणि गोणी नेली. मी जाळीतून बघत होतो.

दुपारी फरशी धुतली. ती वाळावी म्हणून मीनाबाईंनी लाटण्यानं माझं बटण दाबलं आणि गोधड्या घेऊन जसोदाबाईंसोबत त्या तापीवर गेल्या. भाऊ केळीत होते, भावेश पुरुषोत्तमनगरला कारखान्यात. मोहिनी माळा झाडून खाली आली. धुतलेल्या घरात चपला कशा घालायच्या, म्हणून अनवाणी. हातात ओलं फडकं. ती सरळ माझ्याकडे आली.

मी घरघरलो. पाणी उडवलं. याहून जास्त मला येत नाही. तिचा हात माझ्यापासून वीतभर होता. मग चार बोटं.

आणि लाईट गेली.

माझा पंखा थांबला. तिनं हात ठेवला. मित्रांनो, प्लग लावलेला असताना चार वर्षांनी माझ्या अंगावर माणसाचा पूर्ण हात पडला. तिनं माझी प्रत्येक पट्टी पुसली. चाचांचं नाव बोट फिरवून वाचलं. "केवढा मळेल शे रे तू," ती मला म्हणाली. मला बरं वाटत होतं आणि मी एकेक क्षण मोजत होतो. वीस मिनिटांनी ती फडकं धुवायला मोरीत गेली. तिची पाठ वळली आणि लाईट आली.

संध्याकाळी मीनाबाई परतल्या. माझ्याकडे बघून दारातच थांबल्या.

"कोनी पुसं त्याले?"

"मी."

"हात लाया तुनी?"

"लाया ना. वीस मिनिटं घासा."

"काही व्हयनं नही?"

"काय व्हई?"

लाईट गेली होती, हे मोहिनीनं सांगितलं नाही. आमच्या गावात लाईट जाणं ही सांगायची गोष्ट नाही. मीनाबाई गोधड्यांचं ओझं तसंच धरून हसायला लागल्या.

"त्याना आंगवर मळ व्हता, म्हनीसन चावे तो. आम्हले समजनंच नही. तुन्हा हातले गुण शे, पोरी."

रात्री माझ्यासमोर शिरा झाला. भाऊ म्हणाले, मिस्त्रीचं काम सूनबाईनं केलं. जसोदाबाई तेवढ्या उदास होत्या. "मन्हा गुडघानं काय व्हई आते?" लाटणं कायमचं स्वयंपाकघरात गेलं. कौतुकानं मला रात्रभर चालूच ठेवलं. उजाडल्यावर भाऊ केळीत गेले, भावेश कारखान्यात. झोपताना मोहिनी म्हणाली होती, "आते मी त्याले रोज पुससू."

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, आमच्यावरची धूळ पुसा. मी म्हणतो, मला पुसू नका. पुसायचंच असेल तर आधी प्लग काढा. जी वस्तू चावते, तिच्याशी जुळवून घेऊ नका, मिस्त्रीला बोलवा. घरात नवीन माणूस आलं तर देव्हाऱ्याआधी त्याला कूलर दाखवा. आणि आवरताना एखादी बारीकशी पिन सापडली, तर ती टाकू नका, जपूनही ठेवू नका. ती जिथून निघाली, तिथे परत बसवा.

हे सगळं मी मघापासून मोहिनीला सांगतो आहे. तिला नुसती घरघर ऐकू येते. ती आत्ताच न्हाऊन आली आहे. पाय ओले आहेत. बादलीत फडकं बुडवून तिनं ते अर्धवट पिळलं आहे.

"काय रे, कसा शेस आज?" ती विचारते.

लाईट आहे.