रुग्णाच्या वतीने

बाईंनी चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत काढली आणि त्या चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही मूल नापास झालं नाही. मुलं सगळी हुशार होती अशातला भाग नाही. दोन-तीन गुण कमी पडले की बाई पेपर पुन्हा वरून खाली बघायच्या आणि कुठल्या तरी अर्ध्यामुर्ध्या उत्तराला गुण देऊन पोराला काठावरून आत ओढायच्या. त्यांचे यजमान यावरून त्यांची चेष्टा करायचे. पंपांच्या, पंख्यांच्या जळलेल्या मोटारींमधली तार काढून नवी तार भरून द्यायचं त्यांचं दुकान होतं. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. "माझ्या धंद्यात हे चालत नाही," ते म्हणायचे. "चार वेढे कमी पडले की मोटार बोंबलते."

त्या मिस्त्रींना बासष्टाव्या वर्षी, सकाळी चहा पिता पिता, अर्धांगाचा झटका आला. कप हातातून निसटला, तोंड एका बाजूला ओघळलं. बाई घाबरल्या, पण थांबल्या नाहीत. शेजाऱ्यांना गाडी काढायला लावली आणि तासाभरात दवाखाना गाठला. "तुम्ही वेळेवर आणलंत म्हणून वाचले," डॉक्टर म्हणाले. हे वाक्य बाईंनी पुढे भेटेल त्याला सांगितलं.

मिस्त्री वाचले, पण उजवा हात गेला, उजवा पाय फरफटू लागला आणि वाचा गेली. सगळी नाही. एक शब्द तेवढा उरला: बरं. पाणी हवं असलं तरी बरं, पाठ दुखली तरी बरं. त्यांना समजत सगळं होतं, तोंडातून बाहेर पडताना मात्र सगळ्याचं 'बरं' व्हायचं. डॉक्टरांनी हे बाईंना नीट समजावून सांगितलं होतं. पण दिवसातून पन्नास वेळा तोच शब्द कानावर पडला की माणूस त्याचा सरळ अर्थच धरायला लागतो.

घरी आणल्यावर महिन्याभराने दवाखान्यातून एक मुलगी आली. हातात फॉर्मांचा गठ्ठा, चपला दाराशी नीट जोडून ठेवणारी. "काकू, झटक्यानंतर माणसाचं जगणं किती आणि कसं बदलतं ते आम्ही वर्षभर मोजणार आहोत," ती म्हणाली. "मी चार वेळा येईन. प्रश्न तेच राहतील." प्रत्येक प्रश्नाला पाच उत्तरं होती, 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंत, आणि शेवटी सगळ्याची बेरीज शंभरपैकी. रुग्णाला बोलता येत नसेल तर त्याच्या वतीने घरचं माणूस उत्तर देऊ शकत होतं. तिथे मुलीने 'पत्नी' असं लिहिलं.

"कपडे स्वतः घालता येतात?"

मिस्त्री शेजारीच खुर्चीत बसले होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या सकाळी त्यांनी डावा हात आपणहून बाहीत सारला होता.

"कधी कधी," बाई म्हणाल्या.

"आपण घरच्यांवर ओझं झालोय असं वाटतं?"

"छे! ओझं कसलं? कधीच नाही."

"बरं," मिस्त्री म्हणाले.

पहिल्या महिन्यात एकेचाळीस गुण झाले. तिसऱ्या महिन्यात बावन्न. बाईंना त्या आकड्यांचा आधार वाटायला लागला. फोनवर विचारणाऱ्या नातेवाइकांना त्या गुणच सांगत.

सहाव्या महिन्यात मुलगी आली तेव्हा निम्मे प्रश्न झाल्यावर मिस्त्रींनी डाव्या हाताची मूठ टेबलावर आपटली. "बरं!" ते ओरडले. "बरं! बरं! बरं!" मान लाल झाली होती. मुलीचं पेन थबकलं.

"बघितलंस?" बाई कौतुकाने म्हणाल्या. "आधी नुसते पडून असायचे. आता अंगात जोर आलाय. काय होता तुझा प्रश्न, उत्साह वाटतो का? लिही, बहुतेक वेळा."

त्या दिवशी त्रेसष्ट झाले.

त्याच आठवड्यात मिस्त्रींचे धाकटे भाऊ आले. "वहिनी, दुकान किती दिवस बंद ठेवायचं?" ते म्हणाले. "गिऱ्हाइकं फिरली. तार गुंडाळायचं यंत्र गंजून जाईल. घेणारा आहे एक जण, जागाही तोच घेतोय."

बाईंना ते पटलं. तरी त्यांनी मिस्त्रींना विचारलं, अगदी समोर बसून, हात हातात घेऊन. "अहो, देऊन टाकू या ना दुकान?"

"बरं," मिस्त्री म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बाईंनी ते पदराने पुसलं. या आजारात रडू लवकर येतं, असं डॉक्टर म्हणाले होतेच. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला आणि यंत्र गेलं.

वाचा शिकवायला आठवड्यातून दोनदा एक थेरपिस्ट यायच्या. त्यांच्या खटाटोपाने आठव्या महिन्यात दुसरा शब्द फुटला: नको. बाई त्यांना भरवत होत्या, तेव्हा मिस्त्रींनी चमच्यापासून तोंड फिरवलं आणि स्पष्ट म्हणाले, "नको." बाईंना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी भाऊजींना फोन केला, शेजारी सांगून आल्या. मग परत येऊन त्यांनी उरलेलं सगळं त्यांना भरवलं.

त्यानंतर एकेक शब्द येत गेला. वाक्य जुळवताना मिस्त्री घामेघूम व्हायचे. बाई मधेच त्यांचं वाक्य पुरं करून टाकायच्या, त्यांना तेवढाच त्रास कमी.

वर्ष झालं आणि मुलगी शेवटची आली. "काकांना आता बोलता येतंय, तेव्हा यावेळी उत्तरं त्यांचीच हवीत," ती म्हणाली. "काकू, तुम्ही जरा आत बसाल का? नियम आहे तसा."

बाई स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या. दार उघडंच होतं.

"काका, कपडे स्वतः घालता येतात?"

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मुलगी वाट बघत राहिली. एवढी वाट या घरात वर्षभरात कुणी बघितली नव्हती.

"नाही. ती... घालते. मी... बाहुली."

"घरच्यांना आपलं म्हणणं कळतं, असं वाटतं?"

"कधीच... नाही."

"आपण ओझं झालोय असं?"

"नेहमी."

शेवटचा प्रश्न आयुष्याबद्दलच्या समाधानाचा होता. यावेळी तर पंख्याची घरघर तेवढी येत राहिली. मग मिस्त्री एकेक शब्द उचलून ठेवावा तसे बोलले. "त्या दिवशी... उशीर... झाला असता... तर... सुटलो असतो."

बाई उठून बाहेर आल्या. मांडीवरचे मटार फरशीवर घरंगळले. "हे चुकतंय काहीतरी," त्या मुलीला म्हणाल्या. आवाज शाळेतला होता. "किती झाले?"

"अठ्ठावीस."

"मागच्या वेळी त्रेसष्ट होते! तेव्हा तर एक शब्द येत नव्हता. आता बोलतात, काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत जातात. मग गुण कमी कसे होतील?"

मुलीने फॉर्म गोळा केले. तिचीही पंचाईत झाली होती. "काकू, ते त्रेसष्ट तुमचे होते," ती हळूच म्हणाली. जाताना मिस्त्रींच्या समोर वाकून तिने विचारलं, "काका, शेवटचं जे बोललात ते मला डॉक्टरांना सांगावं लागेल. चालेल?" मिस्त्रींनी मान डोलावली.

दोन दिवस बाईंनी त्यांचं सगळं केलं, पण एक अक्षर बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी शर्टाची बटणं लावता लावता त्यांचे हात थांबले.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगत... होतो." मिस्त्रींनी मूठ वळून खुर्चीच्या हातावर हळूच आपटली. "बरं. बरं. बरं."

बाई पलंगावर बसल्या. त्यांना ती दुपार आठवली, आणि त्या दुपारला आपण दिलेले गुणही आठवले. त्यांनी विचारलं, "रोज वाटतं तसं? उशीर झाला असता तर, असं?"

मिस्त्रींनी विचार केला. "बहुतेक... वेळा," ते म्हणाले. तोंडाची डावी बाजू जराशी हसली. बाईंना हसू आलं नाही. त्यांनी बटणांवरचा हात काढून घेतला. उरलेली तीन बटणं लावायला मिस्त्रींना वीस मिनिटं लागली आणि शेवटचं चुकीच्या काजात गेलं.

डॉक्टरांनी नव्या गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी झोप लागायला लागली, एवढंच. पुढच्या आठवड्यात मिस्त्री म्हणाले, "दुकान."

"अहो, ते आता..." बाई बोलायला लागल्या, मग त्यांनी काठी आणून त्यांच्या हातात दिली. "चला," त्या म्हणाल्या.

दहा मिनिटांचा रस्ता, पाऊण तास लागला. दुकानात आता मोबाइलची कव्हरं टांगलेली होती, निळी, गुलाबी, चमकीची. मोटारींना लावायच्या वार्निशचा वास गेला होता. भिंतीतले खिळे तेवढे जुने होते. त्यांवर पूर्वी तारेची रिळं असायची, आता चार्जर लटकत होते. मिस्त्री काउंटरला टेकून उभे राहिले आणि एकेक खिळा बघत गेले.

"काय दाखवू आजोबा?" आतल्या तरुणाने विचारलं. उत्तर आलं नाही तेव्हा त्याने बाईंकडे पाहिलं. "काय हवंय त्यांना?"

उत्तर बाईंच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी पदर मुठीत आवळला आणि रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या. मागे आणखी एक गिऱ्हाईक येऊन थांबलं, चुळबुळायला लागलं. मिस्त्रींचा जबडा हलत होता. कपाळावर घाम आला होता.

"माझं... होतं," ते म्हणाले.

"काय होतं?"

मिस्त्रींनी हात उचलून भिंत दाखवली, मग खाली घेतला. तरुणाला काही कळलं नाही. तो मागच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

परतताना मिस्त्री दोनदा थांबले. दुसऱ्यांदा एका बंद शटरच्या पायरीवर बसले आणि रडले. बाई शेजारी बसून राहिल्या. यावेळी त्यांनी मिस्त्रींचे डोळे पुसले नाहीत.