उठताना

"पाणी आण गं," बाबा म्हणाले आणि सिमेंटच्या ओल्या मालावर टेकवलेल्या फरशीच्या चारी कोपऱ्यांवर रबरी हातोडीनं हलकेच ठोकू लागले.

तिनं तपासायला घेतलेल्या मुद्रितांच्या कागदांवरून मान वर केली नाही. सकाळपासून हे चौथं. आधी पेन्सिल, मग फडकं, मग 'पुढचं दार लावलंयस का बघून ये.' फरश्यांची एक ओळ बसवून उठायची वेळ झाली, की बाबांना तिला कुठेतरी पिटाळायचं असे. ती स्वयंपाकघरात पोचते न पोचते तोच मागून त्यांच्या गुडघ्यांचा आवाज येई, वाळक्या शेंगा पायाखाली चिरडाव्यात तसा. परत यावं तर बाबा खिडकीशी ताठ उभे, जणू कधी खाली बसलेच नव्हते.

"तांब्या टेबलावर आहे, बाबा. उठून घ्या की. मला हे पान संपवायचंय."

"घ्या. पंडितबाईंनी आम्हालाच कामाला लावलं."

"आणि उद्या चार वाजता तयार राहा. गुडघे दाखवायला जायचंय."

"त्यांना काय धाड भरलीय? वाजतात, म्हणजे जिवंत आहेत."

तिनं वहीचं मागचं पान उघडलं. चार ठिकाणी वाचून डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी तिनं तिथं उतरवून ठेवल्या होत्या. वाचल्याशिवाय तिचं पान हलत नसे.

"दुखतात का?"

"तू विचारत सुटलीस की दुखतात."

"सूज?"

"ती तुझ्या नाकावर येते. रागावलीस की."

"जिना उतरताना गुडघा दगा देतो?"

"चाळीस वर्षं लोकांच्या जिन्यांना फरश्या बसवल्या मी. जिने ओळखतात मला."

"मध्येच अडकून बसतो?"

बाबांनी फरशीवरून तळहात फिरवला. "हा कोपरा बघ बरं. वर नाही ना आलाय?"

तिनं वाकून पाहिलं. कोपरा आरशासारखा सपाट होता.

"बसतो जरा," बाबा म्हणाले. भिंतीला पाठ टेकून, उजवा पाय अर्धवट दुमडलेलाच ठेवून ते बसले. "घाई कुणाला आहे?"

आणि बोलायला लागले. मोजूनमापून बोलणारा माणूस, पण त्या दुपारी त्यांना काय झालं होतं कोण जाणे. कामाला लागले त्या पहिल्या वर्षाची गोष्ट. एका वकिलाच्या घरी त्यांनी दारापासून आत फरशी बसवत नेली. पार समोरच्या भिंतीशी पोचल्यावर लक्षात आलं, की परत जायला वाटच ठेवली नाही. सगळा माल ओला. पाय ठेवला तर दिवसाची मजुरी गेली. मग स्वारी खिडकीच्या कट्ट्यावर बसून राहिली, संध्याकाळपर्यंत.

"समोरच्या गच्चीत तुझी आई कपडे वाळत घालत होती. एकच चादर तिनं चार वेळा झटकली."

"हे आईनं कधी सांगितलं नाही."

"तिला वाटायचं, मी मोजलं नसेल."

ती इतकी हसली की मुद्रितं मांडीवरून घसरली. पान तसंच राहिलं. तास कसा गेला कळलं नाही. शेवटी चहा टाकायला ती स्वयंपाकघरात गेली. बऱ्याच वेळानं मागून आवाज आला.

"वाजले हं!" ती तिथूनच ओरडली.

"कळवल्याबद्दल आभारी आहे," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठवायला गेली, तेव्हा ते गेलेले होते. झोपेतच हृदय थांबलं, असं तपासायला आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं. खोलीतल्या फरश्यांच्या दरजा भरायच्या राहिल्या होत्या.

तीन आठवड्यांनी ती एकटीच गुडघ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर तिच्याहून लहान होत्या.

"पेशंट कुठे आहेत?"

"नाहीत आता. मला फक्त एक विचारायचं होतं." तिनं पर्स मांडीवर घट्ट धरली. "त्यांचे गुडघे फार वाजायचे. आम्ही चेष्टा करत राहिलो. त्यावरून मला काही कळायला हवं होतं का? हृदयाचं?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "नाही. गुडघ्यांच्या आवाजाचा हृदयाशी काही संबंध नाही. हे ओझं तुम्ही इथंच ठेवून जा. आणि नुसता आवाज तर कितीतरी जणांचा येतो, माझाही येतो. सांध्यातल्या पाण्यात हवेचे बुडबुडे फुटतात, स्नायुबंध हाडावरून सरकतात. दुखत नसेल, सुजत नसेल, तर तो बिनकामाचा आवाज."

"आणि दुखत असेल तर?"

"तर दाखवायचं. सूज आली, वजन पेलेना, चालताना पाय लटपटला, तरी. आणि गुडघा अडकत असेल तर मुळीच थांबायचं नाही. म्हणजे खाली बसलेल्या माणसाचा पाय सरळच होत नाही. मग तो तसाच बसून राहतो, हळूहळू हलवत, सुटेपर्यंत. बरेच जण घरच्यांना कळूही देत नाहीत. कुणी बघत नसताना उठतात."

ती डॉक्टरांच्या टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग आभार मानून उठली.

घरी आल्यावर चपला काढून ती दरजा राहिलेल्या त्या मागच्या खोलीत गेली. पेन्सिल, फडकं, पुढचं दार. आपण वैतागून केलेल्या फेऱ्या. आणि ती एकच, पाण्याची, जी केली नाही म्हणून बाबा तासभर भिंतीशी बसून राहिले, तिला हसवत.

भिंतीजवळ ती वाकली. हात पुढे केला.

"हात द्या, बाबा," ती मोठ्यानं म्हणाली. "मी उठवते."