सोडून राहिलेल्या माणसाची चिलीम

मी चिलीम. तोंडाला काळी असले तरी जन्म मातीचाच, रेणापुरातल्या कुंभाराच्या घरचा. त्या दुष्काळात घागरींना गिऱ्हाईक नव्हतं. भरायला पाणीच कुठं होतं? मग कुंभारानं चिलमी केल्या. माझं धुरावर भागत होतं.

लातूरच्या मोंढ्यातल्या मडिवाळप्पा हमालानं मला घेतलं. पोती येईनात, पाठ रिकामी, मग हात कशाला रिकामे? तंबाखूचा गांजा कधी झाला, त्यालाही कळलं नाही. बायको कमलम्मा लेकीला घेऊन माहेरी उदगीरला गेली. "कचेरीतले साहेब 'सुटली' म्हणतील तवाच येईन," एवढंच बोलून गेली.

जिल्हा नवा झाला होता, तशी व्यसन सोडवणारी कचेरीही नवी आणि पुण्याहून आलेले परचुरेसाहेबही नवे. माणूस मोठा मायाळू. समोरचा रडायच्या आधीच पाणी पुढं करायचे.

महिनाभर गोडीनं बोलल्यावर त्यांनी विचारलं, "काय मडिवाळप्पा, गांजाचं काय?"

"सोडून राहिलो, साहेब."

साहेबांनी त्याला मिठीच मारली. मी कमरेला खोचलेली; मधल्या मधी चेंगरले. त्याच दिवशी उदगीरला सांगावा गेला.

कमलम्मा आली. दुसऱ्या दिवशी मला पदरात धरून, नवऱ्याला पुढं घालून कचेरीत गेली. मला टेबलावर ठेवलं.

"साहेब, काल सांजची चूल पेटायच्या आधी ही कशी तापली?"

"पण हे तर सोडून राहिले होते!"

"हाव की! अजून सोडायलेतच. आमच्याकडं 'जेवून राहिलो' म्हणलं, की म्होरचं ताट कुणी उचलत न्हाई!"

मडिवाळप्पा फिसकन हसला. साहेबही हसले. कमलम्मा हसली नाही.

"खरं सांगा, सुटली किती?" साहेबांनी मडिवाळप्पाला विचारलं.

"सकाळची सुटली. सांजची लई वढती."

महिन्याभरात तेवढं एकच खरं बोलणं झालं. कमलम्मा थांबली, पण पिशवीतली लुगडी अजून पिशवीतच आहेत.

साहेबांनी मला टेबलावरच उभी केली आहे, आल्यागेल्याला दाखवायला. मडिवाळप्पा रोज समोर बसतो. साहेब बोलतात, तो माझ्याकडं बघतो. साहेबांना वाटतं, गडी किती ध्यान देऊन ऐकतो! बाहेर बाकड्यावर पिशवी मांडीवर घेऊन कमलम्मा बसलेली असते.

तुम्ही त्या कचेरीत गेलात तर एवढं करा. कोपर लागल्याचं निमित्त करून मला खाली पाडा. फरशी नवी आहे, टणक आहे.