टिल्ल्याने वर बघितलं

आमचा टिल्ल्या वासराएवढा आहे. नाव ठेवलं तेव्हा तो बाबांच्या चपलेत मावायचा, त्याला कोण काय करणार!

गेल्या महिन्यात त्याने मांजरामागे झेप घेतली आणि पट्टा धरलेले बाबा भर रस्त्यात आडवे. कोपर सोललं, चष्मा फुटला. बाबांचं चष्म्याचंच दुकान, त्यामुळे लोक आणखी हसले. संध्याकाळी फर्मान निघालं, "तीन आठवडे देतो. कोपऱ्यापर्यंत न ओढता जाऊन आला तर ठीक. नाहीतर मामाच्या गोदामावर."

गोदामावर म्हणजे जन्मभर साखळीत.

मी कंबर कसली. खिशात उकडलेल्या अंड्याचे तुकडे. जिभेने 'टॉक्' करायचं, त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं की लगेच तुकडा. आधी खोलीत, मग जिन्यात, मग गल्लीत. नावाने हाक मात्र चुकूनही नाही. आमच्या घरात त्याचं नाव फक्त खेकसायला वापरतात. "टिल्ल्या, चप्पल सोड!" "टिल्ल्या, उतर!" नाव ऐकलं की तो पळ काढायलाच बघतो. हे मी बाबांना चारदा सांगितलं. चारदा! पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "बरं बरं."

परीक्षेच्या दिवशी बाबा मागे हात बांधून आमच्या मागोमाग. पट्टा मस्त सैल. शिंप्याच्या पायरीवर तेच मांजर. मी टॉक् करणार, तेवढ्यात मागून गर्जना, "टिल्ल्या! खबरदार!"

टिल्ल्याने कान पाडले आणि मला फरफटत नेलं. खांदा निखळायचाच बाकी होता.

"झालं," बाबा म्हणाले. "मामाला फोन करतो."

माझं डोकं असं सणकलं ना! "करा! पण त्याला सांगा, ओरडलं कोण ते! तीन आठवडे मी राबले आणि तुम्हाला दोन मिनिटं तोंड मिटता येत नाही?"

"हळू बोल, लोक बघतायत."

"बघू देत! तुम्ही पडलात तेव्हाही बघतच होते!"

बाबांना आयुष्यात पहिल्यांदा उलट बोलले, आणि आवाज जराही कापला नाही. गळ्यात टेप अडकवलेला शिंपी दारातून म्हणाला, "साहेब, पोरगी खरं बोलतेय. तुम्ही नसता तेव्हा तो गुणी बाळासारखा चालतो."

बाबांचे कान लालबुंद. "पुन्हा जा," एवढंच म्हणाले.

पुन्हा गेलो. मांजर मिशा पुसत बसलेलं. टिल्ल्याची मान ताठ झाली. मागे बाबांनी श्वास घेतला आणि, देवाशप्पथ, गिळला.

टॉक्.

टिल्ल्याने वर बघितलं. सरळ माझ्याकडे. कोपऱ्यापर्यंत गेलो, परत आलो, पट्टा एकदाही ताणला नाही.

"हं," बाबा म्हणाले.

हं? फक्त हं? मी पट्टा त्यांच्या हातात कोंबला. "आता तुम्ही."

बाबांनी जीभ टाळूला लावली. 'फस्स' असा कायतरी आवाज आला. टिल्ल्या थांबला आणि तोंड वासून त्यांच्याकडे बघतच राहिला.

माझा राग अजून उतरला नव्हता. पण त्याने बघितलं होतं, आणि बघितलं की लगेच द्यायचं असतं. मी अंड्याचा तुकडा बाबांच्या तळहातावर आपटला.

"देताय ना? पटकन!"